टिकलीचा पान्हा

म्हैस माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या वाडीत कुणालाही विचारा, तो ‘मैनेची म्हस’ म्हणूनच बोट दाखवील, आणि ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. माझं लग्न झालं त्या वर्षी माझ्या बापाने ती पाचाडहून चालवत आणली. तेव्हा ती एवढीशी पारडी होती. वाटेत महाडला मुक्काम केला, तिचे खूर दुखले तिथे तिथे थांबला, आणि आमच्या दारात येऊन माझ्या हातात दावं देत म्हणाला, “चंद्रा, ही तुजी.” कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून मी तिचं नाव टिकली ठेवलं.

आमचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, चढावरच्या वाडीत. माझा नवरा आणि धाकटा दीर सहदेव दोघेही मुंबईला गिरणीत. घरात आम्ही बायकाच: सासू ठमाबाई, मी, माझी लेक आणि दोन वर्षांमागे लग्न होऊन आलेली धाकटी जाऊ मैना. सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला माणसं चेहऱ्यांनी नाही, लुगड्यांच्या रंगांनी कळत. सहदेवाने मैनेसाठी मुंबईहून डाळिंबी लुगडं आणलं होतं. मला आमच्या ह्यांनी काळी चंद्रकळा आणली, का तर मळ दिसत नाही. म्हणजे म्हातारीला घरात काही उजळ दिसायचं ते मैनाच. मी तिच्यापुढून चार वेळा गेले तरी ती विचारायची, “कोन गो?”

मैना वाईट होती असं नाही. तेच तर माझं दुखणं होतं. आळशी असती, तोंडाळ असती, तर पाणवठ्यावर चार बायकांत तिला बोलून मोकळी झाले असते. पण ती माझ्याआधी उठायची, सासूचे केस विंचरायची, माझ्या लेकीला उवांचं तेल चोळायची. पोर रात्री काकीच्याच कुशीत झोपायची. मैनेची भाकरी टम्म फुगायची आणि म्हातारी वासावरून ओळखायची, “मैनेनं टाकली वाटतं.” माझीही भाकरी फुगायची. पण माझी भाकरी फुगली तर ती नुसती भाकरी.

त्या वर्षी चैत्र सरता सरता संपामुळे मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. आज उघडतील, उद्या उघडतील असं करता करता पावसाळा लागला. सहदेव लावणीपुरता घरी आला, चिखल तुडवून, पोटुशी बायकोला डोळे भरून बघून परत गेला. आमचे हे आलेच नाहीत. कुणी तरी खोलीवर थांबायला हवं म्हणे. मी म्हटलं, थांबा. त्यात अधिक महिना येऊन श्रावण दोन झाले, आणि घरातलं भात पहिल्या श्रावणालाच तळाला गेलं. उपासाचे दिवस वाढले ते एका परीने बरंच झालं. देवाच्या नावावर उपाशी राहताना पोटाला लाज वाटत नाही.

अशा वेळी आम्हाला तारलं ते टिकलीने. ती नुकतीच व्यायली होती. पोलादपूरला मोटारी थांबतात तिथे दिलावरचं चहाचं हॉटेल. मी रोज दूध घेऊन उतरायचे, आणि तो बदल्यात तांदूळ, मीठ, तेल द्यायचा. आमची चूल त्या दुधावर पेटत होती. माझ्या बापाने दिलेल्या म्हशीवर, हे मी मनात रोज घोकायचे. मोठ्याने म्हणायची सोय नव्हती.

मग पावसाच्या झडीत टिकलीचं रेडकू मेलं.

पूर्वी मेलेलं ढोर न्यायला महारवाड्यातून माणसं येत. पण महाडच्या तळ्यावर आदल्या साली त्यांची सभा झाली, तेव्हापासून त्यांनी ते काम टाकलं होतं. ज्याचं ढोर त्याने ओढावं. वाडीतले बाप्ये त्यावर तोंडसुख घेत होते, पण आमच्यासाठी दोरी हातात धरायला एकही पुढे आला नाही. म्हातारीला दिसत नव्हतं. मैना पोटुशी होती, तिला मेलेलं बघूसुद्धा द्यायचं नव्हतं. राहिले मी. त्या चिखलात, पाय घसरत, टिकलीच्या डोळ्यांदेखत मी ते रेडकू ओढत ओढ्यापलीकडे नेलं आणि खड्डा करून पुरलं. ही लोकं हे काम का सोडून बसली ते मला त्या दिवशी बरोबर कळलं. घरी येऊन ओकले. मैना तेवढा वेळ टिकलीच्या गळ्यात हात टाकून तिला कुरवाळत होती.

दुसऱ्या दिवशी मी धार काढायला चरवी घेऊन बसले तर टिकलीने मला लाथाडलं. आंबोण पुढे ठेवलं, कास कोमट पाण्याने धुतली, पुन्हा पुन्हा हात फिरवला. थेंब नाही. पान्हा वर ओढून धरला तिने. माझ्याकडे वळून अशी फुरफुरली की मी वैरी आहे. मग मैना बसली. लावणीच्या वेळी बायका गातात तसलं काही तरी, शब्दांवाचून, नाकातल्या नाकात गुणगुणली, आणि चरवीत धार वाजायला लागली.

तेव्हापासून टिकली मैनेची झाली. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “आमच्या मैनेशिवाय हात लावू देत नाय हो.” दिलावर विचारायचा, “मैनाबायच्या म्हशीचं ना?” मी मान डोलवायची. घाण मी काढायची, वैरण मी आणायची, मेलेलं मी ओढायचं, आणि दूध मैनेला. बरं, पहिला पेलाही तिलाच. पोटात बाळ आहे ना! मी पोटुशी होते तेव्हा मला नाचणीची पेज मिळाली होती, आणि तीसुद्धा सगळ्यांची झाल्यावर.

दुसरा श्रावण संपत आला तशी मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. तिचा भाऊ पांडू न्यायला आला होता. मैनेने सासूच्या पायावर डोकं ठेवलं, माझ्या लेकीचा मुका घेतला, दोघी रडल्या. मग माझ्याकडे आली.

“जाऊबाय, माजं डाळिंबी लुगडं खुंटीवर ठेवलंय. धुवू नका हां. टिकलीला वास लागंल.”

मी म्हटलं, “मला नको तुजं लुगडं. म्हस माजी हाय.”

“तुमचीच हाय की,” ती म्हणाली आणि हसली. तिचं ते हसणं मी दिवसभर दातांखाली धरून होते. आपल्यावाचून हिचं अडणार हे तिला ठाऊक होतं, आणि तरी ती हसली ती वाईटपणाने नव्हे, प्रेमाने. असल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

ती गेली त्या संध्याकाळी टिकलीने चरवी उडवून लावली. सकाळी पुन्हा तेच. मी हात जोडले, शिव्या घातल्या, बापाची शपथ घातली. कास तट्ट फुगून आली, हात लावला तरी म्हैस थरथरायची. दिलावरने निरोप धाडला की दूध येत नसेल तर तो दुसरीकडे बघील. म्हातारी भिंत चाचपत खुंटीपर्यंत गेली, लुगडं काढून माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाली, “नेस मुकाट. म्हस मरंल.”

नेसले. मैनेचा वास होता त्याला, खोबरेल आणि चुलीच्या धुराचा, आणि कुणास ठाऊक कशाचा. टिकलीने हुंगलं. मी तोंड फिरवून बसले, मैनेसारखं नाकात गुणगुणले. माझ्याच म्हशीच्या पोटाशी, माझ्याच गोठ्यात, मी दुसरी बाई होऊन बसले होते. धार सुटली. चरवी भरेपर्यंत मी रडत होते आणि गुणगुणत होते. रडणं थांबवलं असतं तर चाललं असतं, गुणगुणणं थांबवून चालत नव्हतं.

पण मीही पाचाडची आहे. मी मनात गाठ मारली: मैना परत येईपर्यंत ही म्हैस माझी करून सोडीन. रोज दोन वेळा ते डाळिंबी लुगडं नेसायची, पण खाली माझी चंद्रकळा तशीच ठेवायची. गणपती झाले तशी डाळिंबी लुगडं नेसायचं सोडून नुसतं अंगाभोवती घ्यायला लागले. नवरात्रात ते खांद्यावर आलं. गुणगुणण्यात हळूहळू माझं गाणं घातलं, आमच्या पाचाडकडचं, मला येतं तसं, भसाड्या आवाजात. मधे कधी टिकलीला शंका यायची, पाय झाडायची. मग मी दोन पावलं मागे यायची. एवढ्या चिकाटीने मी नवऱ्याचं मनसुद्धा कधी वळवलं नव्हतं.

गिरण्या उघडल्याची बातमी आली, भात कापणीला आलं, दिवाळी उंबरठ्यावर आली, आणि एका सकाळी मी नुसत्या चंद्रकळेत टिकलीपाशी बसले. तिने मला हुंगलं. मान हलवली. आणि पान्हा सोडला. चरवीच्या काठावर फेस आला तेव्हा मी तिच्या पोटाला कपाळ टेकून मोठ्याने हसले.

त्याच दिवशी मी मैनेचं लुगडं राखेच्या पाण्यात घालून खळखळून उकळलं. दगडावर असं आपटलं की रंग निम्मा ओढ्याला गेला. वास घेऊन पाहिला. मैना कुठेच उरली नव्हती. घडी करून फडताळात ठेवलं आणि तिची वाट बघत बसले. तिने यावं, गोठ्यात जावं, आणि टिकलीने तिला माझ्यादेखत लाथाडावं, एवढंच मला हवं होतं. बाकी माझं तिच्याशी काही वैर नव्हतं.

दिवाळीनंतर पांडू एकटा आला. अंगणात उभा राहूनच त्याने सांगितलं. मुलगा झाला होता. रडलाच नाही.

सासूने छाती पिटून घेतली. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, कुणाला नाही वाटणार? पण म्हातारी “माजी मैना, माजी मैना” करत लोळत होती, आणि ते ऐकता ऐकता माझ्या मनात आलं की माझं दुसरं मूल पोटातच गेलं तेव्हा हीच म्हातारी म्हणाली होती, “होतं असं, ऊठ, पानी आन.” मैनेचं दुःखसुद्धा माझ्या दुःखापेक्षा थोरलं. लोक सुखाचा हेवा करतात. मला त्या बातमीतही तिचा हेवाच वाटला.

बाळंतिणीने माहेरी राहावं तेवढी मैना राहिली नाही. मार्गशीर्षात एका दुपारी भावाबरोबर आली. हात रिकामे, काखेत एक गाठोडं. पांडू पाणी पिऊन लगेच माघारी गेला. सासूने तिचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं, डोळे पुसले, मांडीवर घेतलं. मी चुलीपाशी बसून दोघींना बघत होते आणि भाकरी जळत होती.

दिवस कलला तशी मैना उठली आणि चरवी उचलली.

मला म्हणता आलं असतं, ‘राहू दे, मी काढते.’ नाही म्हटलं. तिच्या मागोमाग गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिले. इतके दिवस मी याच घटकेची वाट बघितली होती.

मैना बसली. हात फिरवला. टिकलीने मान वळवून तिला हुंगलं, फुरफुरली आणि पाय झाडला. मैना गुणगुणली, तीच जुनी, शब्दांवाचूनची ओळ. टिकली सरकून भिंतीला लागली आणि तिथून माझ्याकडे बघायला लागली. मैनेकडे नाही, माझ्याकडे!

“तू बी नाय म्हनतेस?” मैना म्हशीला म्हणाली.

मग मला म्हणाली, “जाऊबाय, माजं ते लुगडं द्या. नेसून बघते.”

“धुतलं,” मी म्हणाले.

तिने वर बघितलं. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती, “बरं,” म्हणाली आणि म्हशीच्या अंगाला डोकं टेकून बसून राहिली. तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग पसरले होते. प्यायला पोर नव्हतं, पण दुधाला ते कोण सांगणार?

“ही तुमच्यावर रुसली होती तेवा मला वाटायचं, जनावराची खोडी,” ती डोकं न उचलता म्हणाली. “जाऊबाय, माज्या पोराला मातीत ठेवायला वयनीनं नेलं. दुसरं कोन नेनार? आय हातरुनाला, भाऊ रडतोय. तिनंच उचललं, तिनंच नेलं. तिचा काय दोष? पन तिनं ताट वाढलं का माज्या घशाखाली घास उतरत नाय. तिचं तोंड बघवत नाय मला. म्हनून आले निघून.”

मैनेच्या वहिनीला मी आयुष्यात कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्या वेळी मला वाटलं, उठावं, चालत तिच्या गावी जावं आणि तिच्या शेजारी नुसतं बसून राहावं. दोघींनी काही बोलू नये.

मी घरात आले. घोंगडी गुंडाळून अंगावरची चंद्रकळा सोडली. घामाची, शेणाची, माझ्या वासाची होती, तशीच मैनेला नेऊन दिली.

“ही नेस. आन गानं तुजं नको, माजं म्हन. पाचाडचं. जात्यावर ऐकलंयस तू.”

“धुतलेलं नाय ना?”

“नाय.”

तिने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि नेसायला लागली. मी परत आत आले. माझं दुसरं लुगडं दोरीवर ओलंच होतं. कोरडं म्हणून घरात एकच होतं, फडताळातलं, विटलेलं डाळिंबी. तेच नेसले आणि ओटीवर म्हातारीच्या जवळ जाऊन बसले.

म्हातारीने पदर चाचपला, डोळे बारीक करून रंग बघितला आणि मला जवळ ओढलं.

“ये गो माजे बाय,” ती म्हणाली. “रडून घे. हितं रडायचं नाय तर कुठं?”

असा हात माझ्या पाठीवरून या घरात कुणी फिरवला नव्हता. तो मैनेसाठी होता हे मला कळत होतं. सांगायला तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर आला. मग मी रडले. माझ्या गेलेल्या मुलासाठी, मैनेच्या मुलासाठी, त्या रेडकासाठी, जे जे आठवेल त्यासाठी. म्हातारी थोपटत राहिली.

“येक ऐक माजं,” थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली. “आता तू गोठ्यात जाऊ नको. ती म्हस चंद्राची हाय. तिच्या बापानं पायी चालवत आनली. आमी सगळ्यांनी तिला तुजी तुजी केलं, आन चंद्रा आतल्या आत जळत ऱ्हायली. मला दिसत नाय, पन येवडं कळतं. तिच्याकडून ती म्हस घेऊ नको, बाय.”

गोठ्यातून माझं पाचाडचं गाणं आलं. भसाडं नाही, गोड. मला कधीच जमलं नव्हतं इतकं गोड. आणि त्यामागून चरवीत धारेचा आवाज, आधी खणखणीत, मग फेसात बुडत गेलेला.

“ऐक, ऐक,” म्हातारी कान देऊन म्हणाली. “चंद्रा धार काढते बघ. काय हात हाय तिचा!”

माझ्या पोटात पुन्हा ती जुनी आग भडकली. तरी मी डाळिंबी पदराने नाक पुसलं आणि म्हणाले, “होय.”